खांबाला सांगणारी अंबुजा

आमच्या गल्लीत न बोलणाऱ्या बाईला फार मान होता. "काय शांत सून गे, घरांत आहे की नाहीं कळत नाहीं," असं कुणी म्हटलं की त्या घरची सासू आठवडाभर खुशीत असे. मला हे कधीच पटलं नाही. घरात माणूस आहे की नाही हेच कळत नसेल तर माणसापेक्षा मांजर बरी, ती निदान भूक लागली की ओरडते. पण मी कृष्णवेणी, ब्लॉक ऑफिसातली टायपिस्ट, लग्न न झालेली, तोंडाळ म्हणून तंजावरभर नावाजलेली. माझं मत विचारतो कोण?

तर अशा गल्लीत शांतपणात पहिला नंबर अंबुजाचा होता. राजवाड्यामागच्या आमच्या घराला लागूनच बाळकृष्णरावांचं घर, आणि अंबुजा त्यांची सून. नवरा रेल्वेत होता. चौपन्न साली तो टायफॉइडने गेला तेव्हा अंबुजा जेमतेम पंचविशीची आणि मुलगी वत्सला पाच वर्षांची. नवरा गेल्यावर रडलीसुद्धा ती तोंडात पदराचा बोळा घालून. मला तेव्हा तिची कीव आली आणि रागही आला.

त्या घराची एक रीत होती. तशी ती आम्हा तंजावरच्या मराठी लोकांतल्या बऱ्याच घरांत होती, पण बाळकृष्णरावांकडे जरा जास्तच कडक. सुनेने सासऱ्यांशी समोरासमोर बोलायचं नाही. काही सांगायचंच असलं तर मधल्या अंगणाच्या कडेला जो लाकडी खांब असतो त्याच्या आड उभं राहायचं आणि खांबाला सांगायचं. "खांबा, न्हायला पाणी तापलं म्हणून सांग." मग झोपाळ्यावर बसलेले बाळकृष्णराव खांबालाच उत्तर देत, "शरी म्हणून सांग." शरी म्हणजे ठीक आहे. हा शब्द आम्ही तंजावरकरांनी तमिळमधून उसना आणला आणि कधी परत केला नाही. खांबाशी बोलणं हळू हवं, हेही रीतीतच आलं. ते नीट पोचलं नाही तर मध्ये सासूबाई होत्याच. अंबुजा त्यांना आत्याबाई म्हणे. त्या तिथूनच खणखणीत आवाजात सगळं पुन्हा सांगत. खांबापेक्षा आत्याबाईच जास्त उपयोगाच्या होत्या.

सरकारने तेव्हा खेड्यापाड्यांत ग्रामसेविका नेमायला सुरुवात केली होती. गावोगाव जायचं, बायका जमवायच्या, पाणी उकळून प्या, धुराची चूल बदला, पोरांना देवी टोचून घ्या, असं सांगायचं. आमच्या ओरत्तनाडुच्या ऑफिसात जागा निघाली आणि मी अंबुजाला अर्ज करायला लावला. ती एस.एस.एल.सी., म्हणजे मॅट्रिक, झालेली होती. मला वाटलं होतं, नको म्हणेल. ती म्हणाली, "वत्सलेला शिकवायचं आहे, वेणी. तिला पाह्यजे तेवढं. माझ्यागत मध्येंच थांबवायचं नाहीं." एवढं एकच हट्टाचं वाक्य मी तोवर तिच्या तोंडून ऐकलेलं. तिने खांबाला सांगितलं, आत्याबाईंनी मोठ्याने पुन्हा सांगितलं, आणि झोपाळ्यावरून "शरी" आलं.

ट्रेनिंगमध्ये तिला चूल बांधायला शिकवलं, कोंबड्या पाळायला शिकवलं, खताचा खड्डा कसा भरायचा ते शिकवलं. सगळ्यांत ती पहिली आली. बोलायला मात्र कुणी शिकवलं नाही. सरकारला वाटलं असेल, बाईमाणूस आहे, बोलेलच की.

तिची पहिली सभा ओरत्तनाडुच्या जुन्या छत्रात, म्हणजे धर्मशाळेत, होती. बायकांच्या मंडळाचं उद्घाटन. आमचे ब्लॉक ऑफिसर कल्याणराम हौशी माणूस. त्यांनी गावातल्या मानाच्या म्हाताऱ्यांना पुढे खुर्च्या मांडून बसवलं होतं. आणि त्या दिवसांत तमिळमधलं व्यासपीठावरचं बोलणं म्हणजे केवढा थाट! एका अक्षराने सुरू होणारे शब्द एकामागून एक सोडायचे, श्वास न घेता, आणि लोकांनी टाळ्यांवर टाळ्या द्यायच्या. आपल्यालाही तसंच बोललं पाहिजे असं अंबुजाच्या मनाने घेतलं. तिने शाळेतल्या रामस्वामी पंडितांकडून भाषण लिहून घेतलं. पंडितांनी ते पृथ्वीच्या उत्पत्तीपासून सुरू केलं होतं. अग्नीचा महिमा, संस्कृतीचा महिमा, नारीचा महिमा, असं करत करत चुलीपर्यंत पोचेतो वाचणाऱ्याचा जीव अर्धा होई. अंबुजाने ते सगळं बसमध्ये येता-जाता पाठ केलं. मी शेजारी बसून ऐकायची. मला झोप यायची, पण म्हटलं, पंडिताला आपल्यापेक्षा जास्त कळतं.

सभा भरली. जमिनीवर बायका बसलेल्या, बहुतेक शेतावरून तशाच आलेल्या, पायाला चिखल. अंबुजा उभी राहिली. समोर खुर्च्यांवर पांढऱ्या केसांचे, उपरणी पांघरलेले सगळे सासऱ्याच्या वयाचे पुरुष. त्यांच्याकडे तिने एकदा पाहिलं, पदर ओढून घेतला, आणि तिचे पाय आपोआप वळले. छत्रात खांबांना काय तोटा! जवळच्या दगडी खांबाच्या आड ती अर्धी झाली आणि सबंध भाषण तिने त्या खांबाला म्हणून दाखवलं. हळू आवाजात, एक शब्द न चुकता.

पुरुष एकमेकांकडे बघायला लागले. मग मागून कामाक्षी नावाची एक थोराड बाई मोठ्याने म्हणाली, "अगं बाई, खांबाला कशाला हवी चूल? तो काय भात शिजवतो?"

सगळं छत्र हसलं. माझ्या तोंडातूनही हसू निसटलं. अंबुजाने भाषण संपवलं, कारण ते पाठ होतं, आणि मग खाली बसली.

कल्याणराम दुष्ट नव्हते. त्यांनी तिला ऑफिसात बोलावून सरळ सांगितलं, "बाई, तुमची नेमणूक अजून कच्ची आहे. पोंगलनंतर कलेक्टरसाहेब याच ठिकाणी येणार आहेत. त्या सभेत बोलता आलं तर तुम्ही कायम. नाही आलं तर मला दुसरी बाई बघावी लागेल. बिनआवाजाची ग्रामसेविका म्हणजे बिनदोरीचा रहाट. त्याचा मला काय उपयोग?" मी बाहेर टाइप करत होते. मला सगळं ऐकू येत होतं आणि बोटं भलत्याच अक्षरांवर पडत होती.

परतीच्या बसमध्ये अंबुजा खिडकीकडे तोंड करून रडत होती. "मज होणार नाहीं गे, वेणी. माणसं समोर आलीं की जीभ आंत जात्ये."

"मग काय करणार?" मी चिडून म्हटलं. "वत्सलेला घेऊन चुलीपाशी बसणार?"

आता ही नोकरी सोडते, असं मी धरून चालले होते. दुसरी एखादी असती तर तिने चार दिवस तोंड लपवलं असतं. अंबुजा दुसऱ्या दिवशी बसमधून उतरली ती थेट त्या कामाक्षीच्या झोपडीकडे गेली, जिने तिचं सगळ्यांसमोर हसं केलं होतं. मी मागोमाग गेले, म्हटलं आता भांडण होतंय, पाहावं तरी.

भांडण कसलं! कामाक्षी चुलीपाशी बसून खोकत होती. डोळे लाल, झोपडी धुराने गच्च. अंबुजाने दारातून विचारलं, "काल तुम्हाला माझं बोलणं कुठवर कळलं?"

कामाक्षी म्हणाली, "कळायला ऐकू तर यायला पाहिजे! काय सांगत होतीस त्या खांबाला?"

अंबुजा खाली बसली आणि तिने सांगितलं. पंडिताची पृथ्वी नाही, महिमा नाही. चूल अशी लिंपायची, नळी अशी छपराबाहेर काढायची, धूर वर जातो, डोळे वाचतात. पाच मिनिटांत झालं. कामाक्षीने ऐकलं आणि खोकत खोकत म्हणाली, "हे एवढंच होतं? मग हे काल का नाही बोललीस?" आणि तिने शेजारणीला हाक मारली, "ए, इकडे ये. अम्मा काय सांगते ऐक. अम्मा, हिला पुन्हा सांग."

तिथून ते सुरू झालं. पहिल्यांदा दोघी, मग चौघी, मग अख्खी गल्ली. आणि कामाक्षीचं डोकं असं अजब की तिला यात खेळ सुचला. लावणीची कामं संपलेली होती. संध्याकाळी ती अंबुजाला भाताच्या बांधावर उभी करी आणि स्वतः दुसऱ्या बांधावर जाऊन उभी राही. "बोल!" अंबुजा बोले. "नाही ऐकू आलं!" मग कामाक्षी आणखी एक बांध मागे जाई. अंबुजाने एकदा जिवाच्या आकांताने आवाज चढवला तेव्हा ती तिकडून म्हणाली, "ओरडतेस कशाला? मी काय हरवलेली म्हैस आहे?"

त्या बांधावर अंबुजाला जे उमगलं ते कुठल्या ट्रेनिंगमध्ये मिळालं नसतं. लांब पोचायला ओरडावं लागत नाही. सावकाश बोलावं लागतं, वाक्य पुरं करावं लागतं, आणि ज्याला सांगायचं त्याच्या तोंडाकडे बघावं लागतं. तोंडाकडे बघितलं की कळतं पोचलं की नाही. पोचलं नसलं तर पुढे जायचं नाही, तेच दुसऱ्या शब्दांत सांगायचं. हे तिने मला बसमध्ये समजावून सांगितलं, आणि सांगताना ती माझ्या तोंडाकडे बघत होती. मला एकदम लाजल्यासारखं झालं. इतकी वर्षं शेजारी राहून तिचे डोळे घारे आहेत हे मला त्या दिवशी दिसलं.

पोंगल झाला आणि कलेक्टरसाहेब आले. तेच छत्र, तेच म्हातारे, त्याच खुर्च्या. पंडितही नवं भाषण घेऊन आले होते, त्यांना वाटलं लागेल. अंबुजा उभी राहिली तेव्हा मी हातातल्या रुमालाची पिळून पिळून दोरी केली होती. ती काही क्षण उभीच राहिली, काहीच बोलेना. मला वाटलं, गेलं सगळं! ती फक्त गर्दीत कुणाला तरी शोधत होती.

"कामाक्षी," ती म्हणाली, "आज सकाळी सैंपाक करताना डोळ्यांतून पाणी आलं का?"

मागून उत्तर आलं, "नाही आलं! पण सासूला आठवलं तेव्हा आलं!"

हशा झाला. पण या वेळी तो अंबुजाबरोबर होता. मग तिने दुसरीला विचारलं, तिच्या पोराला जुलाब थांबले का. थांबले, कसे थांबले ते त्या बाईनेच सांगितलं. पाणी उकळायला सरपण जास्त लागतं अशी एकीने तक्रार केली, तिला तिसरीनेच उत्तर दिलं. बायका एकमेकींशी बोलायला लागल्या, हात वर करायला लागल्या. अंबुजा मध्ये उभी, एकेकीचं ऐकत, सगळ्यांना ऐकू जावं म्हणून तेच परत मोठ्याने सांगत, कुठे चुकलं तर दुरुस्त करत. कलेक्टरसाहेबांचं भाषण राहूनच गेलं. ते उठले, दोन शब्द बोलले, आणि कल्याणरामांना म्हणाले, "या बाई कुठे मिळाल्या तुम्हाला?" कल्याणराम असे फुलले की जणू त्यांनीच तिला घडवली. मी ढसाढसा रडले. मी तोंडाळ आहे, पण रडतेही मोठ्याने.

पुढची आठ-नऊ वर्षं मी अंबुजाचा आवाज वाढताना पाहिला. मोठा झाला असं नाही म्हणणार. त्यात वजन आलं. पाटाच्या पाण्यावरून दोन वस्त्यांची हातघाई झाली की तिथे पोलिसांच्या आधी तिला बोलवून नेत. ती दोन्ही बाजूंना म्हणायची, "आधी समोरच्याचं म्हणणं काय आहे तें मला सांगा. त्याचं सांगून झालं की तुमचं." यातच निम्मं भांडण मरे. नव्या ग्रामसेविका आल्या की कल्याणराम त्यांना तिच्या हवाली करत. ती त्यांना बांधावर नेई. आमच्या ऑफिसात वैद्यनाथ म्हणून एक हुशार कारकून होता, साहेबासमोर गेला की त्याचं त-त-प-प होई आणि दरवेळी बढतीच्या मुलाखतीत आपटे. अंबुजाने त्यालाही बांधावर उभं केलं आणि पलीकडून कामाक्षी त्याला प्रश्न विचारायला लागली, "काय रे, तुला कशाला करायचा साहेब?" त्या बाईला उत्तरं देऊन आलेला माणूस साहेबाला काय घाबरणार? झाली त्याला बढती.

मी तिला चिडवायची, "तुझं हें बोलण्याचं कॉलेज चिखलांतच भरतं कीं ग!" ती हसायची. मला तिचा किती अभिमान होता ते मी तिला कधी सांगितलं नाही. इथे सांगते. अंबुजाइतकं धाडसी माणूस मी पाहिलेलं नाही. जिला जन्मतः बोलता येतं तिचं काय मोठंसं कौतुक? हिने एकेक शब्द भीतीच्या तोंडातून ओढून काढला होता.

पण संध्याकाळच्या बसने ती तंजावरला उतरली, गल्लीत शिरली, उंबरा ओलांडला, की पुन्हा पदर ओढला आणि खांबाआड. "खांबा, कॉफी ठेवूं का म्हणून विचार." हा प्रकार बघितला की माझं डोकं फिरे.

अठ्ठावन्न साली आत्याबाई वारल्या. त्यानंतर त्या घरातलं बोलणंच बसलं. बाळकृष्णराव सत्तरी ओलांडलेले, दिवसभर झोपाळ्यावर पेपर धरून बसत. आधी दरवर्षी तिरुवैयारुच्या उत्सवाला गाणं ऐकायला जाणारा माणूस, तेही बंद केलं. म्हणत, "आतां कोण धड गातो?" कुणी भेटायला आलं तरी मान हलवत, "शरी, शरी" म्हणत. गल्लीला वाटे, केवढा गंभीर माणूस. मला वाटे, केवढा ताठा!

पासष्ट साली वत्सला एस.एस.एल.सी. झाली, पहिल्या वर्गात. कुंभकोणच्या मुलींच्या कॉलेजात तिला प्रवेशही मिळाला. आणि त्याच महिन्यात बाळकृष्णरावांनी पापनाशमच्या एका आमच्यातल्याच घरातून वत्सलेला स्थळ आणलं. मुलगा चांगला, जमीन होती. मात्र सुनेला पुढे शिकवणार नाही, हे त्यांनी आधीच कळवलं होतं.

अंबुजाने खांबाला सांगितलं, "वत्सलेला शिकायचं आहे. पापनाशमवाल्यांना इतक्यांत शब्द देऊं नये." झोपाळ्यावरून "शरी" आलं. चार दिवसांनी कळलं, बाळकृष्णरावांनी भटजींना विचारून निश्चयाचा दिवस धरलाय. अंबुजाने पुन्हा सांगितलं. पुन्हा "शरी". आणि दुसऱ्या दिवशी केळीची पानं, विडे सगळं मागवायला माणूस गेला.

"बघितलंस?" ती मला म्हणाली. तिचा चेहरा पांढरा पडला होता. "शरी म्हणत्यात आणि आपल्या मनचं करत्यात. माझ्या बोलण्याला त्यांच्यापाशीं किंमत नाहीं."

"मग समोर उभी राहा आणि बोल! कलेक्टरासमोर बोलतेस, इथे काय झालं?"

"तें वेगळं, वेणी. हें वेगळं."

"काय वेगळं?"

"तिथें नाहीं ऐकलं तर नोकरी जाईल. इथें समोर उभी राहिल्यें आणि त्यांनी माझ्या तोंडावर नाहीं म्हटलं, तर मग या घरांत मी कोण?"

मी नुसती तिच्याजवळ सरकून बसले.

निश्चयाला एकच दिवस उरला. मी सकाळीच त्यांच्याकडे मदतीला गेले, नारळ खवायला. मदत कसली, माझा जळफळाट होत होता आणि तो खोबऱ्यावर निघत होता. वत्सला कोपऱ्यात बसून तांदूळ निवडत होती. तांदळात खडा नव्हता तरी निवडतच होती. घरात आहे की नाही कळत नव्हतं.

अंबुजाने लेकीकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मग पदर खोचला, हात धुतले आणि बाहेर गेली. मी दारात आले. ती खांबापाशी पोचली, आणि थांबली नाही. खांबाला वळसा घालून ती अंगणाच्या उन्हात आली आणि झोपाळ्यासमोर उभी राहिली. बाळकृष्णरावांनी पेपर खाली केला. ते इतके चकित झाले की झोपाळ्याची कडी धरून बसले.

"मामंजी," ती म्हणाली. बांधावरचा आवाज, सावकाश, त्यांच्या तोंडाकडे बघत. "वत्सलेला पुढें शिकायचं आहे. मलाही तिला शिकवायचं आहे. हें लग्न आतां नको. पापनाशमवाल्यांना नाहीं म्हणून सांगा."

मी देवाचं नाव घ्यायला लागले. बाळकृष्णराव नुसते तिच्या तोंडाकडे बघत राहिले. मग हळूच म्हणाले, "हें आधीं कां नाहीं सांगितलंस?"

"सांगितलं. पुन्हा पुन्हा सांगितलं. तुम्ही शरी म्हटलंत."

म्हाताऱ्याने पेपराची घडी केली, उलगडली, परत केली. मग एक हात कानापाशी नेला. "मला ऐकूं येत नाहीं, अंबुजा," ते म्हणाले. "ती होती तोंवर ती मोठ्यानें सांगायची. ती गेली आणि खांबामागून नुसती पुटपुट यायची. मी शरी म्हणायचों. भांडण नको म्हणून."

"कुणाला सांगितलं कां नाहीं?"

"ऐकूं न येणाऱ्या म्हाताऱ्याला घरांत कोण विचारतो? मला वाटलं, तुला हें स्थळ पसंत आहे. तूं कांहींच बोलत नाहींस, म्हणजे पसंत."

इतकी वर्षं त्यांना चिकटवलेला सगळा ताठा मी त्यांच्या अंगावरून काढून घेतला, आणि तो कुठे ठेवू हे मला कळेना. आत वत्सलेने सूप खाली ठेवल्याचा आवाज झाला.

बाळकृष्णराव उठले. कोट घातला, पगडीसारखा तो जरीचा फेटा बांधला आणि कुणाचं न ऐकता एकटे बसने पापनाशमला गेले. ज्यांना शब्द दिला त्यांच्या दारात जाऊन या वयात स्वतः माफी मागायची, हे लहान काम नव्हे. कुणाच्या हाती निरोप पाठवता आला असता. त्यांनी नाही पाठवला. जाताना वत्सलेच्या डोक्यावर हात ठेवून म्हणाले, "कॉलेजाला कधीं जायचं?" ती त्यांच्या कानाशी जाऊन ओरडली. ती पोर त्यांच्याशी नेहमीच ओरडून बोले, आणि आम्ही सगळे तिला आगाऊ म्हणत होतो.

दुपार टळून गेली तेव्हा ते परत आले. थकले होते. आम्ही तिघी तशाच उपाशी बसलो होतो. त्यांनी पाय धुतले, झोपाळ्यावर बसले आणि अंबुजाला हाक मारली. नावाने. "बैस. इथें पुढें बैस, तोंड दिसेल अशी."

ती जमिनीवर बसली, डोक्यावर पदर होता, पण मान वर.

"इतकीं वर्षं," ते म्हणाले, "आणखीन काय काय सांगितलंस, जें मला पोंचलं नाहीं?"

बाळकृष्णराव थांबून राहिले. दोन्ही हात गुडघ्यांवर, तिच्या ओठांकडे लक्ष लावून, शाळेतल्या मुलासारखे.

"आत्याबाई गेल्या त्या वर्षीं म्हटलं होतं," शेवटी ती म्हणाली, सावकाश, एकेक शब्द पोचेल असा, "तुम्ही एकटे जेवूं नका. मी समोर बसत्यें."

म्हाताऱ्याचा चेहरा हलला. सात वर्षं ते माजघरात भिंतीकडे तोंड करून एकटे जेवत होते, आणि सात वर्षं ती सैंपाकघराच्या दाराआड, बोलावतील म्हणून उभी राहत होती. फेट्याच्या सोग्याने त्यांनी डोळे पुसले. मग घसा साफ करून, आम्हाला सगळ्यांना ऐकू जाईल अशा मोठ्या आवाजात, ते म्हणाले, "पानं मांड. सगळ्यांचीं. एका ओळींत नको, समोरासमोर."